तारीख वाढली का जी?

मंगळवार, २४ मार्च २०२०. दुपारचे पावणेदोन वाजलेत. तुम्ही भद्रावतीत आहात आणि तुमच्या दुकानाचं शटर अर्धंच वर आहे.

दुकान म्हणजे रस्त्यालगतची दहा बाय बाराची खोली. बाहेरच्या पाटीवर रंगवलेलं आहे: आयकर, जीएसटी, टीडीएस, पॅन कार्ड. आत दोन संगणक, एक प्रिंटर, छताला टेकलेल्या फायली आणि देवाच्या तसबिरीशेजारी मुदतींचं कॅलेंडर. आज या खुर्चीत तुम्ही बसायचं आहे. कोरोनाची ती दोन वर्षं लांबून आठवायची नाहीत, कर सल्लागाराच्या हातांनी पुन्हा काढायची आहेत. हा सल्लागार कुणी एक माणूस नाही. वरोऱ्यात, राजुऱ्यात, ब्रह्मपुरीत, गडचिरोलीत असे कितीतरी जण त्या दिवशी अशाच अर्ध्या शटरआड बसले होते. ही खुर्ची त्या सगळ्यांची आहे.

टेबलावर निळ्या कापडी बांधणीची वही आहे. एका पानावर एक माणूस: नाव, पॅन, जन्मतारीख, मोबाइल, पासवर्ड आणि शेवटच्या रकान्यात रिटर्नची मुदत. आयुध निर्माणीतले कामगार, वेकोलिच्या खाणीतले ऑपरेटर, जिल्हा परिषदेचे शिक्षक, कोळशाच्या गाड्यांचे मालक, कापड दुकानदार, मातीच्या वस्तू घडवून विकणारे. अर्धं गाव या वहीत राहतं. मुदतीचा रकाना तुम्ही शाईने भरता. एखाद्या वर्षी तारीख महिनाभर पुढे गेली तर शेजारी नवी लिहिता, तीही शाईनेच.

३१ मार्च सात दिवसांवर आहे. मागल्या वर्षाची राहिलेली रिटर्नं भरायची ती शेवटची तारीख. पॅन-आधार जोडणीची मुदतही तेव्हाच संपते. विमा आणि पीपीएफमध्ये पैसे टाकून कर वाचवायचा तर तोही त्याच दिवसापर्यंत. दरवर्षी या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आज राज्यात संचारबंदी आहे, रस्ता मोकळा आहे. टायपिंग करणारी ताई माजरीहून पॅसेंजरने यायची. रविवारच्या जनता कर्फ्यूपासून प्रवासी गाड्या थांबल्यात, त्यामुळे तीही नाही. तुम्ही आलात ते फक्त संगणक घरी न्यायला.

दोन वाजता फोनच्या पडद्यावर अर्थमंत्री निर्मला सीतारामन दिसतात. तुम्ही पेन उघडून बसता. मागल्या वर्षाचं रिटर्न आता ३० जूनपर्यंत. पॅन-आधार ३० जून. मार्च, एप्रिल, मेची जीएसटी रिटर्नं जूनच्या अखेरीपर्यंत. पाच कोटींच्या आतल्या व्यापाऱ्याला व्याज नाही, उशिराचं शुल्क नाही, दंड नाही. उशिरा भरलेल्या आयकरावर १२ ऐवजी ९ टक्के व्याज. ऐकता ऐकता खांदे सैल पडतात. सात दिवसांचे तीन महिने झालेले असतात.

पत्रकार परिषद संपायच्या आत फोन वाजतो.

"सर, टीव्हीवर सांगून राहिले का तारीख वाढली म्हणून. खरं हाय का जी?"

"खरं आहे भाऊ. ३० जून."

"मग आता काहीच भरा लागत नाही न?"

इथे तुम्ही क्षणभर थांबता. भरावं तर लागणारच आहे. पुढे दोन वर्षं हाच प्रश्न येईल आणि हेच उत्तर तुम्हाला शेकडो वेळा द्यावं लागेल.

रात्री आठला पंतप्रधान बोलतात. मध्यरात्रीपासून देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी. उद्या गुढीपाडवा. गाठी आणायच्या राहून गेल्यात. तुम्ही स्कूटरच्या पुढच्या फळीवर संगणक ठेवता, मागे बारदानाच्या पोत्यात फायली बांधता आणि निळी वही शर्टाच्या आत पोटाशी धरता. वाटेत अडवलं तर काय सांगायचं, हे मनात घोळवत घरी पोचता. तुमचं काम अत्यावश्यक आहे की नाही, हे तुम्हालाच ठाऊक नाही.

३० मार्च २०२०

संगणक घरातल्या शिलाई मशीनच्या फळीवर बसवलाय. दुपारी तो खाली उतरवावा लागतो, कारण वहिनी मास्क शिवायला बसतात. रात्री मशीन तुमची.

आज सकाळपासून व्हॉट्सॲपवर एकच निरोप फिरतोय: आर्थिक वर्षच तीन महिन्यांनी वाढलं, आता ३१ मार्चऐवजी ३० जूनला संपणार. कापड दुकानदार विचारतो, वही बंद करू की नको. शिक्षक विचारतात, पगाराचा हिशेब पंधरा महिन्यांचा धरायचा का. तुम्ही बातमीचं मूळ शोधता. मुद्रांक कायद्यातल्या दुरुस्तीची अधिसूचना निघाली होती आणि कुणीतरी ती आर्थिक वर्षाची म्हणून वाचली. संध्याकाळी अर्थ मंत्रालय खुलासा करतं की वर्ष वाढलेलं नाही. तोवर तुम्ही चाळीस जणांना एक एक करून हेच सांगितलेलं असतं.

या कामाचा मोबदला कुठल्याच बिलात लिहिता येत नाही. रिटर्न भरायचे पाचशे रुपये घेता येतात. खोटी बातमी चाळीस वेळा थोपवल्याचे कुणाकडून घ्यायचे? पण त्या आठवड्यात भद्रावतीत कराचा कायदा लोकांपर्यंत पोचला तो याच फोनवरून. ३१ मार्चला निघालेला सवलतींचा अध्यादेश इंग्रजीत आहे, पोटकलमांनी भरलेला आहे. त्याचं "भाऊ, तुम्ही घाबरू नका, जूनपर्यंत वेळ आहे" असं मराठी तुम्ही करता.

नागपूर-चंद्रपूर महामार्गावरून माणसं चालत जातायत. दक्षिणेकडून, तेलंगणात मिरची तोडायला गेलेली, याच जिल्ह्यातली, गडचिरोलीतली. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. तुमच्या वहीत त्यांचं पान नाही, त्यांची कमाई आयकराच्या रेषेपर्यंत पोचतच नाही. पण साबणाच्या वडीवर तेही जीएसटी भरतात. त्यांच्यासाठी वाढवायला कसलीच तारीख नाही.

८ एप्रिलला एक चांगली बातमी येते: पाच लाखांपर्यंतचे अडकलेले सगळे परतावे लगेच सोडणार, सुमारे १४ लाख करदात्यांना लाभ. तुम्ही वही उघडून ज्यांचा रिफंड अडकलाय त्यांच्या नावांपुढे टिंब देत जाता. त्या महिन्यात एका ठेकेदाराच्या खात्यात टीडीएसचे पैसे परत येतात आणि तो फोनवर नुसता "आले जी, आले" म्हणतो. त्याच्या मजुरांचे दोन आठवडे त्यात निघाले.

आता थोडं आणखी मागे

राज्य सरकारने १३ मार्चला ज्या कायद्याचा आधार घेतला त्याचं साल १८९७ आहे. साथरोग कायदा. मुंबईत प्लेग शिरला तेव्हा घाईने केलेला. त्या कायद्याचा हात धरून आपण दुसऱ्या एका साथीत, १९१८मध्ये उतरू.

तुम्ही त्याच गावात आहात. गावाला तेव्हा सगळे भांदक म्हणतात, जिल्ह्याला चांदा. विजासनची लेणी तशीच डोंगरात आहेत, भद्रनागाचं देऊळ तसंच. या सालच्या १ एप्रिलपासून नवा आयकर कायदा लागू झालाय, पण भांदकात तो कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. इथे कर म्हणजे शेतसारा. पावसाने दगा दिलाय आणि सप्टेंबरपासून ताप आलाय. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा त्या इन्फ्लुएंझाचा सर्वांत कठोर मार बसलेल्या प्रांतांपैकी एक. घराघरांत माणसं आडवी आहेत, उभं पीक कापायला हात नाहीत.

महसुलाच्या भाषेत अशा वेळी दोन शब्द होते आणि आजही आहेत: तहकुबी आणि सूट. सूट म्हणजे सारा माफ. तहकुबी म्हणजे आज नको, पुढच्या सुगीला दे. पीक किती आण्यांचं, हे आणेवारी ठरवायची आणि तिच्यावर तहकुबी मिळायची. तहकुबी मिळालेल्या शेतकऱ्याला पुढच्या वर्षी चालू सारा आणि थकलेला सारा दोन्ही द्यावे लागत.

त्याच वर्षाच्या २२ मार्चला गुजरातेत खेडा जिल्ह्यात गांधीजींनी सत्याग्रह सुरू केला तो याच तहकुबीसाठी. पीक बुडालेलं, प्लेग पसरलेला, आणि सरकार म्हणत होतं पीक चार आण्यांच्या वर आहे. जूनमध्ये लढा थांबला तेव्हा कळलं की ज्यांना देणं शक्यच नाही त्यांना तहकुबी द्यावी, असे हुकूम आधीच निघालेले होते. ज्यांच्यासाठी ते काढले त्या शेतकऱ्यांना आणि त्यांच्या पुढाऱ्यांना त्यांची खबर नव्हती. दरम्यान कुणाची गुरं जप्त झाली, कुणाची भांडी.

हे ध्यानात ठेवून परत या. सवलत निघणं आणि सवलत पोचणं यांत केवढं अंतर असतं, ते शंभर वर्षांनी तुम्हाला भद्रावतीतून पाहायचं आहे.

जून ते डिसेंबर २०२०

टाळेबंदी सैल झालीय. शटर आता पूर्ण वर. काउंटरवर प्लास्टिकचा पडदा, सॅनिटायझरची बाटली, बाहेर चुन्याची वर्तुळं.

भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून तिथे तुम्ही ड्रॉइंग पेपर लावलाय. जीएसटीचा तक्ता. उलाढाल दीड कोटींच्या आतली, दीड ते पाच कोटी, पाचच्या वर: असे तीन आडवे पट्टे. उभे रकाने फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. प्रत्येक चौकटीत वेगळी तारीख. पाच कोटींच्या वरच्यांना पहिले पंधरा दिवस व्याज नाही, मग ९ टक्के. हे सगळं, आणि निळ्या वहीतला मुदतीचा रकानाही, तुम्ही आता पेन्सिलीने लिहिता. जून संपायच्या आत दोन चौकटी खोडून झाल्यात आणि कागद त्या जागी बोटाला खरबरीत लागतो.

सगळंच काही उशिरा आलं असं नाही, ते मोकळेपणाने सांगायला हवं. १३ मेला अर्थमंत्र्यांनी सांगून टाकलं होतं की यंदाची रिटर्नं ३१ जुलैऐवजी ३० नोव्हेंबरपर्यंत. अडीच महिने आधी! त्या दिवशी तुम्ही वही घेऊन बसलात, ज्यांना घरकर्जासाठी रिटर्न लागणार ते आधी, ज्यांचा रिफंड आहे ते त्यांच्यामागे, अशी कामाची रांग लावलीत. ८ जूनपासून ज्या व्यापाऱ्याची विक्री शून्य, त्याचं जीएसटीचं रिटर्न, म्हणजे थ्रीबी, १४४०९ या क्रमांकावर एसएमएस पाठवून भरता येऊ लागलं. लग्नसराईतले मंडपवाले, ज्यांचा अख्खा उन्हाळा कोरा गेला, त्यांची रिटर्नं तुम्ही चहा पिता पिता भरलीत. वेळेत सांगितलेली आणि सोपी केलेली सवलत काय करू शकते, ते तेव्हा दिसलं.

आणि मग दुसरी बाजू. कर वाचवणाऱ्या गुंतवणुकीची मुदत ३१ जुलैपर्यंत वाढली, म्हणून रिटर्नच्या अर्जात नवी पुरवणी आली, डीआय नावाची. १ एप्रिल ते ३१ जुलै या काळात टाकलेला पैसा मागल्या वर्षात धरायचा की चालू वर्षात, ते तिथे वेगळं लिहायचं. निर्माणीतला कामगार विम्याची पावती पुढे करतो, जूनच्या तारखेची. "हे कोनत्या सालात बसते जी?" दोन्हीत बसतं, एकदाच घेता येतं. प्रत्येक पावती अशी हातात घेऊन ठरवावी लागते. करदात्याला चार महिने जास्त मिळाले, तसं भरणाऱ्याच्या टेबलावर एक पान जास्त आलं.

ऑक्टोबरच्या २४ला तारीख पुन्हा वाढते, ३१ डिसेंबर. कापड दुकानदार खूश. तुम्ही त्याला खुर्ची देता आणि सावकाश समजावता. ज्याचा भरायचा कर एक लाखाच्या वर आहे त्याला रिटर्नला वेळ मिळाला, व्याजाला नाही. त्याच्यासाठी व्याज मूळच्या तारखेपासून, महिन्याला एक टक्क्याने चालूच.

"म्हणजे तारीख वाढली अन् नाही पन वाढली?"

"रिटर्नची वाढली. पैशाची नाही."

तो बराच वेळ बोलत नाही. तहकुबी आणि सूट यांतला फरक त्याच्या आजोबांना ठाऊक असणार. त्याला तो आज कळतो.

दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, राज्यातली देवळं उघडली. गावातल्या म्हाताऱ्या भद्रनागाला जाऊन आल्या. गुढीपाडव्याला बंद झालेलं गाव या पाडव्याला जरासं उघडलं.

३० डिसेंबर, बुधवार. मुदत उद्या संपते. टायपिंगवाली ताई आता भावाच्या मोटरसायकलवर येते, रात्री नऊपर्यंत थांबते. तीन रात्री तुम्ही दोन-दोन तास झोपलात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय. साइट हळू, चलन अडकतं, ओटीपी यायला वेळ लागतो, येतो तेव्हा माणूस शेतात असतो. आणि मग फोनवर बातमी झळकते: साध्या रिटर्नांना १० जानेवारी. ऑडिटवाल्यांना १५ फेब्रुवारी.

ताई आनंदाने हात वर करते. तुम्ही मात्र टेबलाकडे पाहत बसता. एकशे दहा रिटर्नं या तीन रात्रींत झाली. ज्यांनी घाई करून उसनवारीने कर भरला, ज्यांच्या दोन पावत्या गडबडीत राहून गेल्या, त्यांच्यासाठी ही मुदतवाढ झालेलीच नाही. आणि ज्या शरीराने ते ओढलं त्याला तर ती कुणी देऊच शकत नाही. हीच गोष्ट आठवडाभर आधी कळली असती तर?

१० जानेवारीपर्यंत देशभरात ५ कोटी ९५ लाख रिटर्नं भरली गेली. त्यातली किती अशा दहा बाय बाराच्या खोल्यांतून गेली, याची मोजदाद कुठे नाही.

एप्रिल-मे २०२१

या महिन्यांत येताना जरा दम धरा.

ऊन चढलंय. महामार्गावरून दिवसरात्र रुग्णवाहिका जातायत. १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध. लोक बेडच्या शोधात चंद्रपूरहून नागपूरकडे जातात, कुणी सीमा ओलांडून तेलंगणात. कुणाच्या तोंडी ऑक्सिजन, कुणाच्या तोंडी रेमडेसिव्हिर. तारीख वाढली का, असं कुणी विचारत नाही.

तुम्हाला ताप आहे. आतल्या खोलीत तुम्ही एकटे आहात, ताट दाराशी ठेवलं जातं. उशाशी फोन आणि निळी वही. बोटाला लावलेल्या यंत्रावर ९३ दिसतं, मग ९४, मग पुन्हा ९३. फोन वाजतो.

"सर, तब्येत कशी हाय जी आता?"

"बरी आहे."

"काळजी घ्या. अन् ते... थ्रीबीचं कसं करू?"

त्याला निर्दय म्हणू नका. त्याला दुसरं कुणी माहीत नाही. उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये पडतात आणि त्याचं दुकान वर्षभर नीट चाललेलं नाही. पोर्टलवर रिटर्न भरायला निघालात तर उशिराचं शुल्क आपोआप येऊन बसतं. रिटर्न भरणारा माणूस अंथरुणात आहे, हे लिहायला तिथे चौकट नाही. आयकराच्या कायद्यात उशीर माफ करण्याचा अधिकार प्रत्यक्ष कर मंडळाला आहे, पण त्यासाठी अर्ज करा, कारणं जोडा, वाट पाहा. आजारी सल्लागाराचे अडीचशे अशील एकाच वेळी उशिरा पडतात. त्यांच्यातला एकही आजारी नसेल, तरीही.

१ मेला आदेश येतात. आयकराची मागल्या वर्षाची उशिराची रिटर्नं ३१ मेपर्यंत चालतील. ती तारीख ३१ मार्चलाच उलटून गेली होती. जीएसटीत पाच कोटींच्या आतल्यांना तीस दिवस उशिराचं शुल्क माफ. ७ मेला आणखी एक: उपचारासाठी इस्पितळात दोन लाखांवर रोख रक्कम देता येईल, १ एप्रिलपासूनची धरून, रुग्णाचा आणि पैसे देणाऱ्याचा पॅन किंवा आधार घेऊन. एरवी एका व्यवहारात एवढी रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड. ज्यांनी एप्रिलच्या मध्यात दागिने मोडून, सोसायटीतून उचलून नोटा मोजल्या, त्यांना हे कळायचं कारण नव्हतं. पण आदेश मागच्या तारखेपासून होता, हे चांगलं झालं. तुम्ही अंथरुणातूनच तिघांना निरोप पाठवता: पावत्या जपून ठेवा, काही होत नाही.

जुलै २०२१

तुम्ही बरे झालात. वजन उतरलंय, जिना चढताना थांबावं लागतं. वही काढून तुम्ही एकेकाला फोन लावता, रिटर्नची आठवण करायला. यंदाची मुदत ३० सप्टेंबर आहे, २० मेलाच कळलीय.

निर्माणीतल्या एका कामगाराचा नंबर लावता. पंधरा वर्षांपासूनचे अशील. दरवर्षी फॉर्म सोळा घडी न मोडता प्लास्टिकच्या पिशवीत आणणारे. फोन मुलगा उचलतो.

"बाबा गेले जी. एप्रिलमध्ये."

तुम्हाला पुढे काही सुचत नाही. तो म्हणतो, "त्यांचा फोन चालूच ठेवलाय. कोणाकोणाचे येतात न."

आठवड्याने काकू आणि मुलगा दुकानात येतात. पिशवी तीच. आत मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, दोघांचे पॅन आणि फॉर्म सोळा. कायदा असा आहे की गेलेल्या माणसाच्या त्या वर्षाच्या उत्पन्नाचं रिटर्न त्याच्या वारसाने भरायचं. त्यासाठी काकूंना आधी पोर्टलवर स्वतःची नोंदणी करावी लागेल, मग वारस म्हणून अर्ज, मग विभागाची मंजुरी, मग रिटर्न.

पोर्टल ७ जूनपासून नवं आहे. इन्फोसिसने उभारलेलं, पहिल्या दिवसापासून अडखळणारं. गोल फिरतं, थांबतं, पहिल्यापासून विचारतं. काकूंच्या साध्या बटणांच्या फोनवर ओटीपी येतो. त्या फोन मुलाकडे देतात, मुलगा वाचतो, तोवर वेळ संपते. दुसरा ओटीपी. तिसरा. काकू टेबलावर पसरलेल्या कागदांतला मृत्यूचा दाखला उचलतात आणि पुन्हा पिशवीत ठेवतात, पुन्हा काढून देतात.

तुम्ही त्यांना एक गोष्ट सांगू शकता. २५ जूनला सरकारने जाहीर केलंय की कोरोनाने गेलेल्या माणसाच्या कुटुंबाला मालकाकडून जी मदत मिळेल तिच्यावर कर नाही, आणि इतर कुणी दिली तर दहा लाखांपर्यंत नाही. सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेले पैसे त्यांनी अजून खर्च केलेले नाहीत. कर कापला जाईल या भीतीने.

"मंग ते वापरले तर चालते?"

"चालतं काकू. सगळे तुमचेच आहेत."

त्या दिवशी तुम्ही फी घेत नाही. वहीतलं त्यांचं पान तुम्ही फाडत नाही, काट मारत नाही. नावाच्या वर काकूंचं नाव लिहिता, शाईने. वर्ष संपेस्तोवर अशी अकरा पानं होतात.

३१ डिसेंबर २०२१

नव्या पोर्टलच्या त्रासामुळे ९ सप्टेंबरला तारीख पुन्हा पुढे गेली होती, ती आज संपते. आज वाढत नाही. देशात एका दिवसात ४६ लाख ११ हजार रिटर्नं भरली जातात, एकूण आकडा ५ कोटी ८९ लाखांच्या आसपास पोचतो.

समोर ट्रकमालक बसलाय. त्याची गाडी टाळेबंदीत दोन महिने चिंचेखाली उभी होती. लहान वाहतूकदारांसाठी कायद्याने सोय केलीय की वह्या ठेवू नका, अवजड गाडीमागे महिन्याला टनाला १,००० रुपये उत्पन्न धरा. पण महिने मोजायचे ते गाडी मालकीची असल्याचे, धावल्याचे नाहीत.

"गाडी हलली नाही जी. कमाई काहून धरता?"

कमी दाखवायची तर पूर्ण हिशेब आणि ऑडिट हवं, आणि ते त्याच्याकडे नाही. साथीने सगळ्या तारखा हलवल्या, हा आकडा मात्र कुणी हलवला नाही. तुम्ही बारा महिने धरता. तो सही करतो. दोघांनाही वाईट वाटतं.

आज

उठा त्या खुर्चीतून. परत आलात, तर सोबत काय आणलंत?

साथीत सरकार जे देऊ शकतं त्यात तांदूळ आहे, औषध आहे, पैसा आहे. वेळ हीसुद्धा तशीच मदत आहे, आणि ती द्यायला तिजोरीतून फारसं काही काढावं लागत नाही. म्हणूनच ती नीट द्यायला हवी. अमेरिकेने २०२०मध्ये १५ एप्रिलची तारीख १५ जुलैवर नेली ती २० मार्चलाच सांगून. आपणही १३ मेला तसंच केलं होतं, तेव्हा आपल्याला जमत नाही असं नाही. तारीख वाढवायचीच असेल तर चार आठवडे आधी सांगावी. रिटर्नची वाढली तर छोट्या करदात्याच्या व्याजाचंही त्याच वाक्यात सांगावं. आदेश मराठीतही, साध्या दोन परिच्छेदांत, त्याच दिवशी निघावा. आणि रिटर्न भरणारा आजारी पडला किंवा गेला, तर डॉक्टरच्या एका कागदावर त्याच्या सगळ्या अशिलांना महिनाभर मिळावा, एवढी एक चौकट त्या पोर्टलवर असावी. पुढची साथ यायच्या आधी. आली की कुणाला सुचत नाही.

जुलैचा महिना. भद्रावतीत पावसाची झड लागलीय. दुकानाचं शटर वर आहे, भिंतीवर छापील कॅलेंडर परत आलंय, पण निळ्या वहीतला शेवटचा रकाना तुम्ही अजूनही पेन्सिलीने भरता.

काकू येतात. छत्री दाराशी टेकवतात. आता त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, त्यांचं स्वतःचं रिटर्न असतं. पिशवी प्लास्टिकचीच, कागद घडी न मोडता ठेवलेले. मुलगा पुण्याला नोकरीला आहे.

तुम्ही बटण दाबता. त्यांच्या हातातला फोन थरथरतो. त्या चष्मा कपाळावरून खाली घेतात, फोन जरा लांब धरतात आणि एकेक आकडा मोठ्याने वाचू लागतात.